पंख्याची तक्रार निकाली

आमच्या ह्यांना कुणी काहीही विचारलं की आधी तारीख सांगतात. लग्न कधी झालं, तर तारीख. दाढ कधी दुखायला लागली, तर तारीख आणि वर वार. मी म्हणते, अहो, माणसं सहज विचारतात, साक्षीला बोलावत नाहीत तुम्हाला. पण एकतीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढलेला माणूस, त्याला कोण काय करणार! लोकांचे तक्रार अर्ज यायचे, ह्यांनी ते वहीत चढवायचे, नंबर टाकायचा, ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवायचे, आणि फिरून परत आले की शिक्का मारायचा: निकाली. नळाला पाणी नाही म्हणून अर्ज करणाऱ्याच्या नळाला पुढे पाणी आलं की नाही, हे बघणं ह्यांच्या कामात बसत नव्हतं. अर्ज निकाली निघाला म्हणजे निघाला. गठ्ठा बांधायचा आणि कपाटात.

हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून माझा नवरा वाईट माणूस आहे असं कुणाला वाटायला नको. वाईट नाहीत हो. शिस्तीचे आहेत. शिस्तीच्या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढून बघा आणि मग माझ्याशी बोला.

ह्यांना एक धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न, केस सगळे पांढरे, पण घरात नाव बेबी ते बेबीच. लग्न केलं नाही तिनं. दोन खोल्यांत एकटी राहते आणि शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची चेन बसवून दे, कुणाची कंबर सैल करून दे. हात असा सफाईचा की उसवलेलं कुठे होतं ते सापडायचं नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, डायलिसिस. चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, अंगातलं रक्त बाहेर काढून धुऊन परत घ्यायचं. केंद्र आमच्या इथून चाळीस किलोमीटर. ने-आण आम्ही करतो. आम्ही म्हणजे हे गाडी चालवतात आणि मी शेजारी बसून ब्रेक दाबते.

पहिली दोन वर्षं तिला शेवटची पाळी होती, संध्याकाळी पाच ते नऊ. घरी यायला दहा वाजायचे, आणि दुसरा दिवस अंथरुणात. मग तिसऱ्या दिवशी परत तेच. शिलाई मशीनवर धूळ बसली होती. मला म्हणायची, "वहिनी, मी जगते फक्त तिकडे जाण्यासाठी." सकाळच्या पाळीसाठी अकरा महिने नाव लावून थांबली, तेव्हा कुठे मिळाली. सकाळी आठला यंत्रावर, बाराला सुटका, दोनपर्यंत घरी, तासभर पडायचं की साडेतीनला बाई मशीनवर हजर. दुसरा दिवस अख्खा तिचा. परत गणवेश यायला लागले. चेहऱ्यावर रंग आला. हे सगळं त्या सकाळच्या पाळीमुळे, आणि त्या पाळीचा नियम कडक. साडेआठपर्यंत खाटेवर नसलात की यंत्र दुसऱ्याला, आणि आपल्या चुकीनं एकदा जरी चुकलं तरी नाव परत शेवटच्या पाळीत. बाहेर माणसं रांगेत उभी असतात ना. त्यांनाही सकाळ हवी असते.

आता गाडी. पंधरा वर्षांची आहे, पण ह्यांनी जिवापाड जपलेली. एकदा तिच्या समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असतं तो. हे लगेच फोरमनकडे गेले. फोरमन म्हणजे आमचा गॅरेजवाला. कधी काळी कुठे तरी फोरमन होता, आता स्वतःच मालक आहे, पण नाव तेच राहिलं. तो म्हणाला, "काका, हल्ली डोकं लावून चालत नाही, गाडी कॉम्प्युटरला लावावी लागते. दोन दिवस ठेवून जा."

दोन दिवस! सोमवार, बुधवार, शुक्रवार बेबी. शनिवारी ठेवावी तर रविवारी त्याचं बंद. हे हात हलवत परत आले.

आमच्या जावयानं हे फोनवर ऐकलं आणि पुढच्या भेटीत एक केबल आणून दिली. तिचं एक टोक स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी एक खाच असते तिथे, आणि दुसरं लॅपटॉपला. मुलीचा जुना लॅपटॉप घरात पडून होता, त्यात त्यानं काय तो प्रोग्रॅम घालून दिला. "बाबा, गाडीला काय होतंय ते गाडीच सांगते. इथे नंबर येतो, खाली त्याचा अर्थ. आणि काम झालं की हे बटण. क्लिअर."

हे तर हरखून गेले. तक्रार आहे, तक्रारीला नंबर आहे, आणि शेवटी बटण आहे! निवृत्त झाल्यापासून एवढं खूश मी त्यांना बघितलं नव्हतं. पहिल्या दिव्याचा नंबर बघितला, तर अर्थ निघाला पेट्रोलच्या झाकणातून वाफ जातेय. खरंच झाकण नीट बसलं नव्हतं. दोन आटे जास्त पिळले, क्लिअर दाबलं, दिवा गेला तो परत आला नाही. दोन दिवस ज्याला त्याला सांगत होते. दूधवाल्यालासुद्धा. मी म्हटलं, "झाकण लावलंत हो, इंजिन नाही बांधलंत." पण ऐकतंय कोण. नवी वही आणली, रेघा मारल्या: तारीख, नंबर, तक्रारीचं स्वरूप, शेरा. पहिल्या ओळीच्या शेऱ्यात लिहिलं, निकाली.

दोन महिन्यांनी दिवा परत लागला. ह्या वेळी पी शून्य चार आठ शून्य. पंख्याचं सर्किट. इंजिन तापलं की पुढचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा, त्या पंख्याच्या वायरिंगची तक्रार होती. ह्यांनी बॉनेट उघडलं. मला आत बसवून एसी लावायला सांगितला, कारण एसी लावला की तोच पंखा फिरतो. पंखा गरगर फिरला.

"फिरतोय," हे म्हणाले.

"मग दिवा कशाला लागला?"

"असतात काही खोट्या तक्रारी. कचेरीत काय कमी बघितल्या?" आणि दाबलं बटण. दिवा विझला. वहीत ओळ, शेऱ्यात निकाली.

चार दिवसांनी दिवा परत. तोच नंबर. परत बॉनेट, परत पंखा फिरतोय, परत बटण. मग आठवडाभर काही नाही. मग परत. मी काही अगदीच मूर्ख नाही. तिसऱ्या खेपेला म्हटलं, "अहो, एकच माणूस सारखा सारखा तोच अर्ज करतोय, म्हणजे त्याच्या घरी खरंच पाणी येत नसेल की."

तर मला म्हणतात, "तुला त्यातलं कळत नाही. बिघाड असता तर गाडी तापली असती. तापमानाचा काटा बघ, मधोमध आहे."

काटा मधोमध होता हे खरं. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळत असली की वाराच इंजिन गार ठेवतो, पंख्याची गरजच पडत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. आणि आमचा रस्ता सगळा मोकळा. सकाळी पावणेसातला निघायचं, तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नसतं.

सहा आठवड्यांत नऊ वेळा तो दिवा लागला, नऊ वेळा ह्यांनी पुसला. पुढे पुढे तर निघायच्या आधी लॅपटॉप धरायला मला घेऊन खाली जायचे आणि पुसूनच यायचे, म्हणजे बेबी मागे बसल्यावर तिला दिवा दिसायला नको. तिला काळजी नको, म्हणायचे. मीही गप्प बसले. का बसले? कारण फोरमनकडे गाडी दोन दिवस ठेवली तर बेबीचं काय, ह्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. टॅक्सी असते, जगात टॅक्सी नावाची वस्तू आहे, हे मला तेव्हा का सुचलं नाही, देव जाणे. रोजच्या वाटेनं चालणाऱ्या माणसाला शेजारची वाट दिसत नाही, तसं झालं. शिवाय एकदा बोलून झिडकारलेली बायको दुसऱ्यांदा तोंड उघडताना विचार करते.

त्या शुक्रवारी नदीवरच्या पुलावर ट्रक आडवा झाला. आम्ही पुलावर चढलो आणि पुढची गाडी थांबली. मग मागची. दोन्ही बाजूंना कठडे, बाजूला घ्यायला वीतभर जागा नाही. साडेसात वाजले होते. बेबी म्हणाली, "वेळ आहे अजून," आणि डोळे मिटून बसली. दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं, त्यामुळे शुक्रवारी सकाळी तिला फार बोलवत नाही.

पाच मिनिटांत काटा हलला. हे म्हणाले, "लॅपटॉप उघड." केबल लावलेलीच होती. लॅपटॉप माझ्या मांडीवर. पडद्यावर इंजिनाचं तापमान मोठ्या आकड्यात येतं.

"किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"आता लागेल पंखा."

एकशे एक. एकशे तीन. पंखा लागला नाही. ह्यांनी एसी लावला, बंद केला, परत लावला. पुढे काही आवाज नाही. मग गाडी बंद केली. दोन मिनिटांनी पुढच्या गाड्या वीस फूट सरकल्या, मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला, म्हणून परत सुरू केली. एकशे सात. ह्यांनी हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची गरमी आत येते. आली. आम्ही तिघं घामानं निथळायला लागलो. बेबीचा श्वास मला मागून ऐकू येत होता.

"दादा, खिडकी उघडू का रे?"

"उघड, उघड. किती?"

"एकशे अकरा," मी म्हटलं.

ते यंत्र सगळं सांगत होतं हो. एकेक अंश सांगत होतं. डॉक्टरलाही इतकं नेमकं कळत नसेल. आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या आकड्याकडे बघत बसलो होतो. काय करणार होतो? उतरून फुंकर मारणार होतो?  मी फक्त वाचत होते. एकशे चौदा. एकशे पंधरा.

मग दिवा लागला. पिवळा, आणि त्याच्या शेजारी लाल. पडद्यावर तोच नंबर, पी शून्य चार आठ शून्य, खाली आणखी एक नवा. आणि आमच्या ह्यांनी काय करावं? माझ्या मांडीवर हात लांब केला आणि क्लिअर दाबलं.

पिवळा दिवा विझला. आकडा एकशे अठरा झाला. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, काहीतरी फट्‌ झालं, आणि गाडी जागच्या जागी मेली.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं बोट अजून बटणावरच होतं.

ट्रक आठलाच हटला; गाडी चालती असती तर साडेआठच्या आत पोचलो असतो. लोकांनी आमची गाडी ढकलून पुलापलीकडे नेली. तिथे टॅक्सी मिळायलाच दीड तास गेला, केंद्रावर पोचायला सव्वादहा झाले. बेबीच्या यंत्रावर दुसरंच कुणी होतं. "उद्या संध्याकाळी पाचला एक यंत्र मोकळं आहे, तोवर पाणी अगदी मोजून प्या," एवढं सांगून आम्हाला परत पाठवलं. ती रात्र बेबीनं आमच्याकडे खुर्चीत बसून काढली, आडवं झालं की जीव घाबरायचा. पाय सुजून टम्म. दोष म्हणून दिला नाही तिनं कुणाला. उलट ह्यांनाच म्हणाली, "दादा, तू काय करणार? यंत्र आहे, बिघडतं."

शनिवारी सकाळी फोरमननं गाडी ओढून नेली. पंख्याच्या मागे एक प्लग असतो, तो गंजला होता. गाडी हलली की कधी जोडला जायचा, कधी सुटायचा. त्यानं तो बोटांनी काढून दाखवला. "दहा मिनिटांचं काम होतं, काका. आता मात्र इंजिनाचं डोकं उघडावं लागेल." मग त्यानं त्याचं मशीन लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आधी कधी दिवा लागला नव्हता? ह्यात जुनी नोंदच नाही. गाडी म्हणते, मला कधी काही झालंच नाही."

 घरी येऊन हे सबंध दुपार गॅलरीत उभे होते. जेवलेही नाहीत. मला वाटलं, लागलंय मनाला, लागू दे. जरा लागायलाच हवं होतं. पण आत काय शिजतंय हे मला कळलं असतं, तर मी त्यांना संध्याकाळी घरीच ठेवलं असतं, कुलूप लावून.

पाचला बेबी यंत्रावर गेली. नळ्या जोडल्या, रक्त फिरायला लागलं, हळूहळू तिचा श्वास लयीत आला. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सिस्टर मोठं रजिस्टर घेऊन आली. चांगली मुलगी आहे, बेबीला मावशी म्हणते.

"मावशी, शुक्रवारच्या चुकलेल्या पाळीचं कारण भरायचंय. दोनच रकाने आहेत, रुग्ण नाहीतर वाहन. तुमची गाडी बंद पडली ना? मग वाहन लिहिते. वाहनाला एकदा माफी असते. सोमवारी सकाळी नेहमीसारख्या या."

बेबी हसली. शुक्रवारपासून पहिल्यांदा. "बरं बाई," म्हणाली.

"थांबा," हे म्हणाले. "नोंद चुकतेय."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्या रजिस्टरकडे बघत होते, आणि आवाज अगदी कचेरीतला. "वाहनाचा दोष नाही ह्यात. वाहनानं सहा आठवडे आधी कळवलं होतं. नऊ वेळा कळवलं. मी नऊ वेळा पुसून टाकलं. वाहन असं लिहिलंत तर ती खोटी नोंद होईल."

सिस्टर गोंधळली. "काका, राहू दे ना. मी वाहनच लिहिते."

"नको. माझ्यामुळे झालं असं लिहा."

"अहो, नातेवाईक असा रकाना नाही!" ती दबक्या आवाजात म्हणाली आणि मागे बघितलं. पण व्हायचं ते झालं होतं. पलीकडच्या खाटेपाशी एक गृहस्थ बसले होते, त्यांची बायको वर्षभर सकाळच्या यादीत थांबलीय. ते उठून उभे राहिले. भांडखोर नव्हते बिचारे. हात जोडूनच म्हणाले, "सिस्टर, घरच्यांची हयगय म्हणजे रुग्णाच्याच बाजूचं कारण झालं. नियम सगळ्यांना सारखा लावा. आमचीही माणसं खोळंबलीत."

सिस्टरनं ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. बरोबर आहे म्हणाले! सहा आठवडे खरं ते पुसत बसला हा माणूस, आणि जिथे एक निरुपद्रवी शब्द खपून गेला असता, तिथे ह्याला खरं लिहायचं सुचलं. मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला, आणि त्याच क्षणी त्यांचा चेहरा बघवेना.  आयुष्यात पहिल्यांदा स्वतःविरुद्ध अर्ज दिला होता माणसानं, आणि तो भलत्याच्याच नावावर चढत होता.

सिस्टरनं रुग्ण ह्या रकान्यात खूण केली. सोमवारपासून संध्याकाळी पाच. खाली नातेवाइकाची सही लागते, ती ह्यांनी केली, तारीख घालून.

बेबी छताकडे बघत पडली होती.  मग ती म्हणाली, "दादा, मला एकदा सांगायचं होतंस रे. मी टॅक्सीनं गेले असते."

हे खाटेच्या दांड्याला धरून उभे होते. 

तिनं माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तुला माहीत होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. नवऱ्यावर सगळं ढकलून मोकळीही झाले असते. पण दर वेळी लॅपटॉप धरून मीच बसले होते.

"हो," मी म्हटलं.

तिला कूस बदलायची होती. पण हातात सुया होत्या, नळ्या होत्या, अजून तीन तास तिला हलता येणार नव्हतं. तेव्हा तिनं नुसती मान फिरवली भिंतीकडे, आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.